112 ला फोन लावला, पण तो कॉल मोजला कुणी? जालन्यातून समजून घ्या हेल्पलाइनच्या आकड्यांचं गणित

समजा, रात्रीचे साडेअकरा वाजलेत. कुणीतरी 112 वर फोन करून घाईघाईत एवढंच सांगतं, "अंबडमध्ये मारामारी सुरू आहे, लवकर गाडी पाठवा." आणि फोन कट होतो.

हा फोन उचलणारी व्यक्ती अंबडमध्ये नाही. ती जालना शहरातही नाही. ती बसली आहे नवी मुंबईत. तिथल्या लाइन बिझी असतील तर फोन नागपुरात उचलला जातो. आता तिच्यासमोर पहिला प्रश्न येतो: कुठलं अंबड? जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, की नाशिक शहरातला एमआयडीसीचा भाग? दोन्हीकडे अंबड पोलीस ठाणं आहे.

समजा, घाईत कॉल नाशिकला गेला, तिथून चूक लक्षात आली आणि मग तो जालन्याकडे वळवला गेला. शेवटी अंबडची गाडी पोहोचलीही.

आता महिन्याच्या अहवालात या फोनचं काय होईल? तो एक कॉल धरायचा की दोन? उशीर झाला तो कुणाच्या खात्यावर टाकायचा? आणि "पोलीस इतक्या मिनिटांत पोहोचतात" असा आकडा जाहीर होतो, तेव्हा त्यातली मिनिटं फोन लावल्यापासून मोजलेली असतात, की जालन्याच्या स्क्रीनवर घटना दिसल्यापासून?

प्रश्न तांत्रिक वाटतो. पण कुठल्या तालुक्याला आणखी गाडी हवी, कुठे माणसं कमी पडतात, हे याच आकड्यांवरून ठरतं. म्हणून तो समजून घेऊ.

112 चा फोन नेमका कसा फिरतो?

पूर्वी 100 नंबर फिरवला की फोन जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षात वाजायचा. फोन घेणारा आणि गाडी पाठवणारा एकाच खोलीत असायचा. नोंद एकाच वहीत व्हायची. ती पद्धत फार वेगवान होती असं नाही, पण हिशेब एका जागी होता.

देशभर एकच आपत्कालीन नंबर असावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक ट्रायने एप्रिल 2015 मध्ये केली. त्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने 112 ची यंत्रणा उभी केली. त्यासाठी निर्भया फंडातून पैसा देण्यात आला. नोव्हेंबर 2018 मध्ये हिमाचल प्रदेशात ती सर्वांत आधी सुरू झाली. महाराष्ट्रात ती 2021 मध्ये आली.

महाराष्ट्रात या यंत्रणेचे तीन थर आहेत. पहिला थर म्हणजे नवी मुंबईचं मुख्य केंद्र आणि नागपूरचं दुसरं केंद्र. इथे फोन उचलला जातो, माहिती विचारली जाते आणि कॉम्प्युटरवर 'घटना' तयार होते. दुसरा थर म्हणजे जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष. घटना इथल्या स्क्रीनवर येते आणि जवळची गाडी निवडली जाते. तिसरा थर म्हणजे रस्त्यावरची पोलीस गाडी. तिच्यात एमडीटी, म्हणजे टॅबसारखं एक यंत्र असतं. घटना मिळाली, निघालो, पोहोचलो, काम झालं, अशा नोंदी त्यावरून होतात.

म्हणजे जालना जिल्ह्यातल्या एका फोनचा प्रवास तीन ठिकाणांहून होतो. प्रत्येक ठिकाणी माणूस वेगळा आणि जबाबदारीही वेगळी. अनेक ठिकाणी पसरलेल्या कॉल सेंटरचा अहवाल अवघड होतो तो इथेच.

पहिला घोळ: 'एक कॉल' म्हणजे काय?

उदाहरण घेऊ. धुळे-सोलापूर महामार्गावर शहागडजवळ गोदावरीच्या पुलावर अपघात झाला. पुलाच्या अलीकडे जालना जिल्हा, पलीकडे बीड. समजा, सहा जणांनी 112 ला फोन केला. चार फोन नवी मुंबईत उचलले गेले, दोन नागपुरात. कुणी "शहागडला" म्हणालं, कुणी "गेवराईच्या अलीकडे" म्हणालं.

हे सहाही फोन एकाच अपघाताचे आहेत हे वेळीच लक्षात आलं, तर घटना एक होते. नाही आलं, तर एक घटना जालन्याच्या स्क्रीनवर जाते आणि दुसरी बीडच्या. आता कॉलच्या अहवालात आकडा सहा, घटनांच्या अहवालात दोन आणि रस्त्यावर अपघात एकच. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण बातमीत त्यातला कोणताही एक "112 कडे आलेल्या तक्रारी" म्हणून छापला जाऊ शकतो.

उलटंही होतं. याच अपघातात जखमींसाठी रुग्णवाहिका हवी. महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका सेवा जानेवारी 2014 मध्ये सुरू झाली. तिचं नियंत्रण केंद्र पुण्यात आहे. म्हणजे पोलिसांचा हिशेब एका यंत्रणेत आणि रुग्णवाहिकेचा दुसऱ्या. जखमी माणसाच्या दृष्टीने मदतीची वेळ एकच असते: आपल्याला उचलून दवाखान्यात कधी नेलं. पण ती वेळ शोधायची तर दोन संस्थांच्या नोंदी जुळवाव्या लागतात, आणि त्यासाठी दोन्हीकडे त्या अपघाताला जोडणारा एक समान नंबर लागतो.

दुसरा घोळ: मधल्या मध्ये हरवलेला फोन

नवी मुंबईत फोन वाजला, उचलला गेला नाही, म्हणून नागपूरकडे वळला. नवी मुंबईच्या नोंदीत तो "आला, पण उत्तर दिलं नाही" असा दिसू शकतो. नागपूरच्या नोंदीत तो "आला आणि उत्तर दिलं" असा दिसतो. दोन्ही केंद्रांचे आकडे नुसते मिळवले, तर एक फोन करणारा माणूस कागदावर दोन कॉल बनतो.

याहून वाईट शक्यता वेगळी आहे. फोन वळवला जात असतानाच समोरच्याने तो कापला, तर? घाबरलेला माणूस किती वेळ रिंग ऐकत बसेल? अशा वेळी पहिलं केंद्र म्हणतं, "आम्ही पुढे पाठवला." दुसरं म्हणतं, "आमच्यापर्यंत आलाच नाही." दोघांचाही अहवाल स्वच्छ राहतो आणि फोन मात्र कुणाच्याच हिशेबात नसतो.

आता त्याच माणसाने तीनदा फोन लावला असं समजा. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. कॉल मोजले, तर तीनपैकी एकालाच उत्तर मिळालं. माणसं मोजली, तर सगळ्यांना उत्तर मिळालं. यंत्रणेला चांगलं दिसायचं असेल तर ती दुसरा आकडा सांगेल, टीका करायची असेल तर कुणी पहिला सांगेल. खरी गोष्ट या दोन्हींत नाही. खरी गोष्ट आहे पहिल्या फोनपासून तिसऱ्या फोनपर्यंत गेलेली मिनिटं.

तिसरा घोळ: सरासरीचा

इथले आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका केंद्राने महिन्यात 9,000 फोन घेतले आणि प्रत्येकाला सरासरी 6 सेकंदांत उत्तर दिलं. दुसऱ्या केंद्राने 1,000 फोन घेतले, पण सरासरी 26 सेकंद लावले. दोन्ही केंद्रांची मिळून सरासरी किती?

6 आणि 26 ची बेरीज करून दोनाने भागलं, तर उत्तर 16 सेकंद येतं. ते चुकीचं आहे. पहिल्या केंद्राने नऊपट फोन घेतलेत, म्हणून त्याचं वजन जास्त धरावं लागतं. तसं केल्यावर उत्तर येतं 8 सेकंद. दोन केंद्रांच्या तयार सरासरी घेऊन त्यांची पुन्हा सरासरी काढणं ही अशा अहवालांमध्ये सहज होणारी चूक आहे.

गणित बरोबर केलं तरी सरासरी फसवते. समजा, दहा घटनांपैकी नऊ जालना शहरात घडल्या आणि गाडी 10 मिनिटांत पोहोचली. दहावी मंठा तालुक्यातल्या एका आडगावात घडली आणि तिथे गाडीला 60 मिनिटं लागली. सरासरी निघते 15 मिनिटं. हा आकडा ऐकायला चांगला आहे. पण 15 मिनिटांत गाडी मिळाली असा या दहा जणांत एकही माणूस नाही. शहरातल्यांना त्याहून लवकर मिळाली आणि आडगावातल्या माणसाने तासभर वाट पाहिली.

जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत: जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेएकोणीस लाखांहून जास्त, आणि क्षेत्र सुमारे 7,700 चौरस किलोमीटर. एवढ्या पसरलेल्या जिल्ह्याचा एकच आकडा भोकरदनच्या टोकाच्या गावाबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी आकडे तालुकावार हवेत. शिवाय "दहापैकी नऊ जणांपर्यंत मदत किती मिनिटांच्या आत पोहोचली" हेही सांगायला हवं. या पद्धतीत मागे राहिलेला माणूस लपत नाही.

चौथा घोळ: घड्याळ कुठून सुरू करायचं?

फोन लावणाऱ्याचं घड्याळ सुरू होतं बटण दाबल्यापासून. कॉल सेंटरचं सुरू होतं फोन उचलल्यापासून. जिल्ह्याचं सुरू होतं घटना स्क्रीनवर आल्यापासून. गाडीचं सुरू होतं संदेश मिळाल्यापासून. "प्रतिसादाची वेळ" हा एकच शब्द या चारही गोष्टींसाठी वापरता येतो, आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येतं.

घड्याळ थांबतं कधी, हाही प्रश्नच आहे. गाडीतल्या कर्मचाऱ्याने एमडीटीवर "पोहोचलो" ही नोंद केली की वेळ थांबते. पण गावात मोबाइल नेटवर्क नसेल तर ही नोंद उशिरा होते, आणि वेळेत पोहोचलेली गाडी कागदावर उशिरा दिसते. उलट, जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना फक्त मिनिटांवर होऊ लागली, तर वेशीवर असतानाच बटण दाबण्याचा मोह होऊ शकतो. म्हणून बटणाची वेळ आणि गाडीच्या जीपीएसची वेळ या दोन्ही ताडून पाहाव्या लागतात.

गावांच्या नावांमुळेही वेळ जातो. एकट्या भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई आहे आणि पिंपळगाव कोलतेही आहे. राज्यभर पिंपळगावं किती असतील, ते वेगळंच. फोन करणारा नुसतं "पिंपळगाव" म्हणतो, कारण त्याच्या जगात पिंपळगाव एकच असतं. मोबाइल टॉवरवरून अंदाजे ठिकाण कळतं, पण ग्रामीण भागात टॉवर लांब-लांब असतात, म्हणून त्या अंदाजाचा घेरा मोठा असतो. समृद्धी महामार्गावर तर बाहेरगावच्या ड्रायव्हरला आपण जालन्यात आहोत, बुलढाण्यात की छत्रपती संभाजीनगरमध्ये, हेच माहीत नसतं. तिथे रस्त्याकडेच्या फलकावरचा किलोमीटरचा आकडा सांगणं सर्वांत उपयोगाचं ठरतं.

ठिकाण विचारण्यात गेलेली ही दोन-तीन मिनिटं कुणाच्या खात्यात पडतात? फोन घेणाऱ्याच्या अहवालात ती "लांबलेला कॉल" म्हणून दिसतात. जिल्ह्याच्या अहवालात बहुतेक दिसतच नाहीत, कारण जिल्ह्याचं घड्याळ तोवर सुरूच झालेलं नसतं.

अमेरिकेत 2014 मध्ये काय झालं होतं?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. 9 एप्रिल 2014 च्या रात्री अमेरिकेत 911 ही आपत्कालीन सेवा सात राज्यांतल्या काही भागांमध्ये बंद पडली. वादळ नव्हतं, भूकंप नव्हता. इंट्राडो नावाच्या कंपनीचं कोलोरॅडो राज्यातलं केंद्र 911 चे फोन योग्य ठिकाणी पाठवण्याचं काम करत होतं. तिथलं सॉफ्टवेअर प्रत्येक फोनला एक वेगळा क्रमांक द्यायचं. त्या क्रमांकाची कमाल मर्यादा आधीच ठरवून ठेवलेली होती. त्या रात्री ती गाठली गेली. पुढच्या फोनला क्रमांक मिळेना, म्हणून फोन पुढे जाईना.

कंपनीचं दुसरं केंद्र मायामीत होतं आणि ते व्यवस्थित चालू होतं. पण धोक्याची सूचना गंभीर म्हणून पुढे आलीच नाही, त्यामुळे फोन तिकडे वळवायला कित्येक तास गेले. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या चौकशीनुसार ही सेवा सहा तासांपर्यंत विस्कळीत होती. 81 कॉल सेंटरना त्याचा फटका बसला आणि 6,600 हून अधिक फोन पोहोचलेच नाहीत. घरात अनोळखी माणूस घुसत असताना वॉशिंग्टन राज्यातल्या एका महिलेने किमान 37 वेळा 911 फिरवला. तिचा फोन लागला नाही.

या घटनेतून अहवालांबद्दल एक मोठी गोष्ट कळते. न पोहोचलेला फोन कॉल सेंटरमध्ये वाजतच नाही. तिथे बसलेल्या माणसाला फक्त शांतता जाणवते. त्याने त्या रात्रीचा अहवाल लिहिला असता, तर त्यात एवढंच दिसलं असतं की आज फोन कमी आले. म्हणून केंद्राने मोजलेले कॉल पुरत नाहीत. टेलिफोन कंपनीने किती फोन केंद्राकडे पाठवले, याच्याशी ते रोज जुळवून पाहावे लागतात.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको

फोन लागला नाही याचा पुरावा कसा द्यायचा, हा प्रश्न जालन्यातल्या शेतकऱ्यांना नवा नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेत अतिवृष्टीसारख्या स्थानिक आपत्तीत नुकसान झालं, तर 72 तासांत पूर्वसूचना द्यावी लागत असे. त्यासाठी टोल-फ्री नंबर आणि ॲप असे मार्ग होते. महाराष्ट्राने 2025 च्या खरीप हंगामापासून योजना बदलली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आधारित केली. पण त्याआधीच्या हंगामांत हे 72 तास फार महत्त्वाचे होते.

एका मंडळात ढगफुटीसारखा पाऊस झाला की हजारो शेतकरी एकाच वेळी तोच नंबर फिरवणार, हे उघड आहे. ज्याचा फोन लागला त्याला तक्रार क्रमांक मिळतो. ज्याचा लागला नाही त्याच्याकडे काय असतं? मोबाइलमधली डायल केलेल्या नंबरांची यादी. कंपनीच्या अहवालात "आलेल्या सर्व पूर्वसूचना नोंदवल्या" हे वाक्य खरं असू शकतं, आणि "मला सूचना देताच आली नाही" हे शेतकऱ्याचं वाक्यही खरं असू शकतं. कारण अहवाल सुरू होतो फोन उचलल्यानंतर, आणि शेतकऱ्याची अडचण त्याआधीची असते.

वीज गेल्यावर महावितरणच्या 1912 वर केलेल्या फोनचंही तसंच. फोन घेणारं केंद्र वेगळं आणि तार जोडणारा वायरमन वेगळा. "तक्रार निकाली" हा शिक्का कुणी मारला, तो लाइट आल्यावर मारला की आधी, यावर सगळा आकडा अवलंबून असतो.

मग उपाय काय?

उपाय फार महागडे नाहीत, पण शिस्तीचे आहेत. पहिल्या रिंगपासून गाडी परत जाईपर्यंत फोनला एकच क्रमांक हवा. तो नवी मुंबईतून नागपूरला किंवा जालन्याला जाताना बदलता कामा नये. सगळ्या ठिकाणच्या कॉम्प्युटरची घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत, नाहीतर जालन्यात घटना "पोहोचली" आणि नवी मुंबईतून ती "निघाली" त्यानंतर, असा चमत्कार कागदावर दिसतो. प्रत्येक शब्दाची व्याख्या लिहून ठेवलेली हवी. आणि कापल्या गेलेल्या फोनची वेगळी यादी हवी, ज्यांना परत फोन केला का हेही त्यात दिसेल.

चुकून लागलेले, गमतीसाठी केलेले आणि नुसते कोरे कॉल हाही भाग आहे. ते एकूण आकड्यात धरले तर कामाचा भार फुगतो. सरसकट वगळले तर धोका आहे. बोलता येत नाही म्हणून गप्प राहिलेली, पण मदत हवी असलेली बाईही "कोरा कॉल" म्हणून गळू शकते.

आकडा वाचताना तुम्ही काय विचाराल?

पुढच्या वेळी "आमची हेल्पलाइन इतक्या मिनिटांत मदत पोहोचवते" अशी पोस्ट तुमच्या फोनवर आली, तर शेअर करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा:

1. घड्याळ कधी सुरू झालं? फोन लावल्यावर, उचलल्यावर की गाडीला कळवल्यावर?
2. हा आकडा कॉलचा आहे, घटनांचा आहे की माणसांचा?
3. न लागलेले आणि मध्येच कापले गेलेले फोन यात आहेत का?
4. ही जिल्ह्याची सरासरी आहे की तालुकावार आकडे आहेत? सर्वांत जास्त उशीर कुठे झाला?
5. घटना बंद झाली हे कुणी ठरवलं? तक्रार करणाऱ्याला विचारलं का?

ही माहिती माहिती अधिकार कायदा 2005 खाली मागता येते. फोन करणाऱ्यांची नावं-नंबर मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. पण तालुकावार घटना, वेळेचे टप्पे आणि वापरलेल्या व्याख्या मागता येतात. साधारणपणे 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. अर्ज करताना "112 ची माहिती द्या" असं मोघम लिहू नका. कोणता महिना, कोणता तालुका आणि कोणत्या टप्प्यापासून कोणत्या टप्प्यापर्यंतचा वेळ, हे स्पष्ट लिहा.

एका नंबरवर सगळी मदत मिळणं ही सोयीची गोष्ट आहे, यात शंका नाही. पण नंबर एक झाला म्हणून हिशेब आपोआप एक होत नाही. अंबडहून केलेला फोन नवी मुंबईत उचलला गेला, नाशिकला गेला आणि जालन्याला परत आला, हे सगळं एकाच ओळीत दिसलं, तरच अंबडला पुढच्या वेळी गाडी लवकर येण्याची शक्यता वाढते. आणि जो फोन कुठेच उचलला गेला नाही, त्याचीही एक ओळ त्या अहवालात असायला हवी.